आत्या मागं बसली आणि ट्रॉली सरळ चालली

आमच्या पिकअपचं मागचं बूड रस्त्यावर स्थिर राहावं म्हणून मी बरेच उपाय केले. त्यातला एकच लागू पडला आणि तो म्हणजे माझी आत्या.

आत्याचं नाव गयाबाई. वडिलांची थोरली बहीण. सासर आणि माहेर दोन्ही घाटनांदूरच, त्यामुळं रुसून माहेरी यायला तिला फक्त गल्ली ओलांडावी लागते. हयात मेंढरामागं गेली, म्हणून आवाज असा की ती घरात बोलली तरी शिवारातली माणसं ‘ओ’ देतात. आणि वजन... वजनाचं पुढं येईलच.

त्या साली माझ्या बायकोनं, सुनीतानं, स्वतःची रसवंती घेतली. त्याआधी ती दुसऱ्याच्या रसवंतीवर गिलास विसळायची. आता तिचा स्वतःचा लोखंडी चरक, तिचं स्वतःचं इंजिन, वर पत्र्याचं छत आणि खाली दोन चाकं. सगळं दुकान एका ट्रॉलीवर. पिकअपच्या मागं जोडायचं आणि गिऱ्हाईक असेल तिथं न्यायचं. महाशिवरात्रीला परळीच्या जत्रेत, देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिला जागाही मिळाली. उपासाला उसाचा रस चालतो, त्यामुळं त्या दिवशी सगळी जत्रा रसवंती हुडकत असते. अट एकच होती. दुपारी बाराच्या आत रसवंती जागेवर उभी पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि तो दुसरा कोण, तर ज्याचे गिलास सुनीता विसळायची तोच मालक. हे कळल्यापासून सुनीता आठवडाभर रोज संध्याकाळी चरक पुसत होती.

गाडीचं खातं माझ्याकडं. (घरात दुसरं कुठलंही खातं माझ्याकडं नाही, हेही सांगून टाकतो.) पहिल्यांदा ट्रॉली जोडून बघितली तर पिकअपचं बूड खाली बसलं आणि तोंड वर झालं. शेजारचा बालाजी हे बघून म्हणाला, “तुजी गाडी आभाळाकडं बघायली बे.”

ते मला लागलं. मी तडक मिस्त्रीकडं गेलो आणि मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांत, एकेक पाटा वाढवायला सांगितला. मिस्त्री म्हणाला, “ट्रॉली भरून जोडून आणा एकदा. वजन कुठं येतंय ते बघू, मंग सांगतो.”

“मिसरूड फुटायच्या आदीपासून गाडी चालवायलोय,” मी म्हणालो. “तुमी फक्त पाटे टाका.”

त्यानं टाकले.

तरी माझं मन भरेना. शिवरात्रीच्या सकाळी सामान भरताना मी स्वतःचं डोकं लावलं. बूड खाली बसतं, कारण ट्रॉलीच्या दांडीवर भार येतो. म्हणजे भार दांडीपासून लांब नेला की झालं. इंजिन तसंही मागच्या टोकालाच होतं. त्याच्याजवळ मी पाण्याच्या टाक्या ठेवल्या, बर्फाची पेटी ठेवली आणि उसाच्या झाडून साऱ्या मोळ्या तिथंच रचल्या. पिकअपचा हौदा मुद्दाम रिकामा ठेवला. गाडीचं बूड झकास वर आलं.

“बघ, कशी नीट उभी राहिली,” मी सुनीताला म्हणालो.

“नीट हाय का? मला तर मागून जरा जास्तीच उचलल्यावानी दिसायली.”

“तुला रसातलं कळतं. गाडीतलं राहू दे.”

हे वाक्य तिनं अजून जपून ठेवलं आहे आणि पाहुणे आले की काढते.

तेवढ्यात आत्या पिशवी घेऊन हजर. देवदर्शनाला तिला न्यायचंच होतं. आता आमच्यात रीत अशी, की गाडी कुठलीही असो, थोरलं माणूस पुढं. हौद्यात मेंढरं, खताची पोती आणि लहान पोरं. थोरल्या माणसाला मागं बसवणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठवणं. त्यामुळं आत्या पुढं खिडकीशी, मध्ये आक्रसून सुनीता आणि स्टेअरिंगवर गाडीतलं सगळं कळणारा मी.

गावातून निघालो तोवर ठीक होतं. उतार लागला, गाडीनं वेग धरला आणि मागं ट्रॉलीनं शेपूट हलवायला सुरुवात केली. ती डावीकडं गेली की पिकअपचं बूड उजवीकडं. मी उजवीकडं सावरलं की ती आणखी डावीकडं. स्टेअरिंग हातात राहीना. त्यात समोरून परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेचा ट्रक भुर्रकन गेला, त्याच्या वाऱ्यानं तर रसवंती फुगडी घालायच्या बेतात आली. मी कसाबसा वेग कमी केला.

“नीट चालव की रे. देवाला जाताना पिऊन आलास का?” आत्या म्हणाली.

“आत्या, ट्रॉली हालायली.”

“मंग तिला सांग. मला कावून सांगतुस?”

गाडी बाजूला घेतली. मी खाली वाकून पाटे बघितले, हूक बघितला, पिन बघितली, चाकांना लाथा मारल्या. आपल्याकडं गाडीखाली माणूस वाकलेला दिसला की सल्ला द्यायला लोक थांबतातच. एक मोटारसायकलवाला म्हणाला, पाटे कडक झालेत, काढून टाका. दुसरा म्हणाला, पाटे कमी पडायलेत, अजून टाका. तिसऱ्यानं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, गाडी विका.

मग हळूहळू न्यायचं ठरवलं. इतकं हळू, की जत्रेला निघालेली एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली आणि गाडीवानानं आपुलकीनं विचारलं, “बंद पडली व्हय?” सुनीता मोबाईलवर सारखी वेळ बघत होती. आत्या सारखी बोलत होती. माझं डोकं फिरलं.

“आत्या, जरा गप बस.”

हे मी बोलायला नको होतं.

“थांबव गाडी,” आत्या म्हणाली. “जिथं मला गप बस म्हणत्यात तिथं मी बसत न्हाई.” ती उतरली, मागं गेली आणि हौद्यात चढायला लागली. मी खालून हात लावला, सुनीतानं वरून ओढलं. आत्या आत बसली तसे नवे पाटे करकरले आणि गाडी खाली दबली. “मी देवाला चाललेय. तुज्यासंगं न्हाई,” तिनं आतून जाहीर केलं.

गाडी निघाली आणि ट्रॉली रुळावर चालावी तशी सरळ मागून यायला लागली. मला वाटलं, रस्ता सुधारला.

धर्मापुरी फाट्याच्या अलीकडं आत्याचा राग उतरला आणि तिला ऊन लागायला लागलं. तिनं हौद्यावर थाप मारली. मी तत्परतेनं तिला पुढं आणून बसवलं, माफीही मागितली. पुन्हा वेग धरला, आणि पुन्हा शेपूट सुरू. मी गाडी थांबवली. सुनीतानं माझ्याकडं बघितलं.

“कळलं का?” तिनं हळूच विचारलं.

“कळलं.”

“मंग सांगा.”

“तू सांग.”

“आत्या कुणाची हाय?”

मी घसा खाकरला. “आत्या, माग वारं लई छान लागतंय.”

“मला सर्दी हाय.”

“हौद्यातून देवळाचं शिखर आदी दिसतंय.”

“शिखर मी तुज्या जन्माच्या आदीपासून बघायले.” मग तिनं डोळे बारीक केले. “मला पुन्यांदा माग बसवायलास का तू? मी काय मेंढरू हाय?”

मी समोरची काच पुसायला लागलो. शेवटी सुनीताच बोलली. “आत्या, खरं सांगते. तुमी माग बसलात की गाडी सरळ चालती. तुमचं वजन लागतंय गाडीला. बाराच्या आत पोचलो न्हाई तर माजी जागा जाती.”

आता आभाळ कोसळणार म्हणून मी स्टेअरिंग घट्ट धरलं. पण आत्यानं सुनीताला एवढंच विचारलं,

“कुणाला जाती जागा?”

“ज्याचे गिलास विसळायचे मी, त्याला.”

आत्यानं पदर कमरेला खोचला आणि दार उघडलं. “मंग आदी सांगायचं की गं. चला, धरा मला.”

त्यानंतर परळीपर्यंत काय गाडी चालली म्हणता! आत्या हौद्याच्या अगदी मागच्या फळीला टेकून, दोन्ही हातांनी कड धरून बसलेली. राखेचा ट्रक दिसला की ती त्याला मेंढरं हाकायच्या आवाजात ‘हुर्र’ करायची. ट्रॉली हूं की चूं करत नव्हती.

पोचलो तेव्हा बाराला थोडाच वेळ होता. जुना मालक जागेच्या कडेला उभा राहून जागा डोळ्यांनी मोजतच होता. “बाजूला व्हय रे बाबा,” आत्या हौद्यातूनच म्हणाली, “आमच्या सुनंची गाडी लावायचीय.” तो बाजूला झाला.

आत्याला उतरवलं. मग मोठ्या ऐटीत मी ट्रॉलीची पिन ओढली. दांडी सपकन वर आली, माझ्या हनुवटीला लागून आभाळाकडं गेली आणि अख्खी रसवंती भर जत्रेत बुडावर बसली. बर्फाची पेटी घसरली, ऊस रस्त्यावर पसरला. मी हनुवटी धरून उभा.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “उलाळ झाली की.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बैलगाडीत मागं वजन जास्त झालं की जू वर उचलतं आणि बैलांना फास बसतो, त्याला उलाळ म्हणतात. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण बैलाच्या जागी डिझेल आलं की माझी अक्कल सुट्टीवर जाते. माझी ट्रॉली पिकअपला मागून उचलत होती, आणि आत्या एकटी पिकअपचं बूड खाली दाबून धरत होती.

चार माणसांनी दांडी खाली ओढली. त्यात जुना मालकही होता. तोच ऊस गोळा करू लागला आणि पहिला गिलासही त्यानंच घेतला. “गोड हाय,” म्हणाला. सुनीतानं तोंड फिरवलं आणि उगीचच चरक पुसला. दिवसभर आत्या गिऱ्हाइकांना हाका मारत होती आणि त्या आवाजापुढं कुणी सरळ निघून जाऊ शकत नव्हतं. मी वैजनाथापुढं हात जोडले, पण खरं सांगतो, ते आत्यापुढं आधी जोडायला पाहिजे होते. ती रागावली नसती तर आम्ही पोचलोच नसतो.

नंतर मी गुपचूप मिस्त्रीकडं जाऊन जादा पाटे काढून आणले. सामान ट्रॉलीत थोडं पुढच्या अंगाला, दांडीकडं भरायला लागलो. ट्रॉली आपोआप सरळ चालायला लागली. पण आत्याला सांगणार कोण? प्रत्येक जत्रेला ती गोधडी घेऊन हजर, न बोलावता हौद्यात. गावभर सांगायची, “माज्याबगर सुनीताची गाडी हालत न्हाई.” तिच्या तोंडावरचा तो आनंद बघून माझी जीभ उचलत नव्हती.

एकदा मात्र ती अंगात ताप असताना शाल गुंडाळून आली. तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

आत्या शाल सावरत म्हणाली, “म्हंजी मी उन्हातानात उगंच माग बसत होते?”

“व्हय.”

“आन तू पुढं सावलीला?”

“व्हय.”

ती सुनीताकडं वळली. “तुला गाडी येती का गं आता?”

“येती की. शिकले मी.”

“मंग तू चालव. मी पुढं बसते. ह्याला टाक माग.”

तेव्हापासून सुनीता गाडी चालवते, आत्या खिडकीशी बसते आणि मी हौद्यात, मागच्या फळीला टेकून. माझी तक्रार नाही, ट्रॉली अगदी सरळ चालते. सुनीताचं मात्र म्हणणं आहे, की आत्या मागं असताना जास्त सरळ चालायची.