वालाच्या शेतातली डरकाळी

माझी मावशी कोन गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला राहते. आजूबाजूची शेतं कधीच बिल्डरांच्या घशात गेली, तिचं एक उरलं होतं. भात कापलं की ती त्यात वाल लावायची आणि थंडीत आम्ही पनवेलहून तिच्याकडे पोपटीला जायचो. शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडकं भरायचं, ते उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. यापलीकडे पोपटीत काही नसतं, पण ती चुकली तर मला वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं.

तीनेक वर्षांपूर्वी बिबट्यानं तिची गाभण शेळी नेली. मावशीनं गाव डोक्यावर घेतलं. वनखात्याचा माणूस समजावत होता, की हाच डुकरांची पिल्लं उचलतो, हा गेला तर रानडुकरं आवरणार नाहीत. मावशी कडाडली, "डुकरांनी माजी शेली खाल्ली नाय! तुजा वाघ आदी ने." शेवटी पिंजरा लागला, बिबट्या सापडला, त्याला लांबच्या रानात सोडलं. मावशीनं नारळ फोडला. आम्हीही टाळ्या वाजवल्या.

मागच्या थंडीत डुकरांनी वालाचा एक वेल ठेवला नाही. मावशीच्या मुलानं हात टेकले. पुढच्या वर्षीही असंच झालं तर शेत विकायचं, असं तो म्हणाला आणि मावशीनं रागाच्या भरात हो म्हटलं. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

म्हणून यंदा माझ्या नवऱ्यानं शक्कल लढवली. बिबट्याचा आवाज मोबाइलवर घेतला आणि बांधावर खांब रोवून भोंगा लावला. दिवस मावळला की डरकाळ्या सुरू. कुत्री शेपूट घालून घरात, शेजारीण परसात जाईना. डुकरंही फिरकली नाहीत. मावशी भलतीच खुशीत होती. शेंगा भरल्यावर तिनं आम्हाला बोलावून घेतलं.

संध्याकाळी जाळ नुकताच धरला होता, भोंगा गुरगुरत होता, तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून एक डुकरीण उतरली. मागे पिल्लांची रांग. आता पळतील, मला वाटलं. कसलं काय! ती निवांत वाल उकरू लागली. एक पिल्लू तर भोंग्याच्या खांबाला पाठ घासत उभं राहिलं. वर वाघ डरकाळ्या फोडतोय आणि हे खाली खाज भागवतंय! मी थिजलेच. खरा बिबट्या समोर आला असता तरी इतका धक्का बसला नसता. नवरा जळतं लाकूड घेऊन धावला. डुकरं पांगली आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा शिरली, या खेपेला आणखी सोबत घेऊन.

"भितील कशी?" मावशी म्हणाली. तिचा आवाज ओळखू येईना. "या पोरांनी वाघ पायलाच नाय."

सकाळपर्यंत शेत नांगरल्यासारखं झालं होतं. मडकं कुणी उघडलं नाही. मुलगाच कळवळून म्हणाला, "राहू दे आई, अजून एक वर्ष बघू." पण मावशी शब्द फिरवणारी नव्हे.

सही करायला तिला मीच पनवेलला घेऊन गेले. रिक्षातून उतरताना तिनं माझा हात घट्ट धरला.

"गो बाय," तिनं विचारलं, "त्या वाघाला ज्या रानात सोडला, तिकडं वाल लावतान का?"