जगदेवकाकांची पाठ

"आमच्या घराण्यात आजवर कुणी शत्रूला पाठ दाखवलेली नाही," हे जगदेवकाका पाहुण्यांना पाण्याच्या पेल्याबरोबरच ऐकवतात. पणजोबा गायकवाडी फौजेत शिलेदार होते. काका स्वतः विम्याच्या कचेरीत कारकून, पण दसऱ्याला भिंतीवरची तलवार अशा आवेशात पुसतात की इंदिराकाकू आधी पंखा बंद करते.

निवृत्तीनंतर काका बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीमागच्या तळ्याचे स्वयंघोषित राखणदार झाले. तळं ते केवढंसं, पण पक्ष्यांसाठी राखलेलं. टिबुकल्या बुड्या मारतात, जांभळ्या पाणकोंबड्या नव्या सुनेसारखी जपून पावलं टाकतात. कुणी खडा मारला तर काकांचा आवाज पार शहरातल्या दूरच्या अकोट्यापर्यंत जातो.

यंदा टिटवीनं नेमकी काकांच्या बाकाजवळ, उघड्या जमिनीवर अंडी घातली. काका वळले की ती किंचाळत त्यांच्या टकलावर झेपावे. तोंड तिच्याकडे असलं की मात्र नुसती बघत राही. आता माघार तर घ्यायला हवी, आणि पाठ दाखवायची सोय नाही. काका उलटे चालत घरी आले.

हे रोजचंच झालं. शेजारच्या पीयूषभाईंनी विचारलं, "काका, आ शुं करो छो?"

पाखराला भितो हे शिलेदाराच्या पणतूनं कसं सांगावं? काका म्हणाले, "घूंटण माटे बहु सारुं."

झालं. गुडघ्यांना चांगलं म्हटल्यावर काय, गुडघे सगळ्यांचेच दुखत होते. बघता बघता अर्धी सोसायटी तळ्याकाठी उलटी चालू लागली. कोण कुणावर आदळेल याचा नेम राहिला नाही.

मग एका सकाळी पीयूषभाई उलटे चालत थेट अंड्यांकडे निघाले. देह ऐसपैस, कानात भजन. काकांच्या हाका त्यांना ऐकूच गेल्या नाहीत. तेव्हा काका धावले, टिटवीला सरळ पाठ दाखवून, आणि अंड्यांवर ओणवे झाले. पीयूषभाई त्यांना अडखळून बाजूला बसले. टिटवी टोचत राहिली, पण काका जागचे हलले नाहीत. मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, डोळेही भरून आले.

टकलाला हळद लावताना काकू म्हणाली, "घराण्यात पाठीमागून पहिला वार तुम्हीच घेतलात हो."

"ती कुठे शत्रू आहे?" काका म्हणाले.

टिटवीला मात्र उपकाराची जाण नाही, अजून तशीच किंचाळते. काका हल्ली पणजोबांचा फेटा बांधून बाकावर बसतात, तिच्याकडे पाठ करून.