रिबका मावशींचा बिनगव्हाचा हलवा

काल सकाळी रिबका मावशी चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच गेल्या.

हार्ट अटॅक. गॅस पेटवायलाही वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी पुण्यात दफन झालं. सोलापूरच्या भवानी पेठेतली आमची निम्मी गल्ली तिथे गेली होती. प्रत्येकाला फोन करून सांगणं जमत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मावशी बेने इस्राएल. म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. माहेर पेणकडचं. काका रेल्वेत होते, त्यांच्या बदलीमुळे सोलापूरला आल्या. काका गेले तरी इथेच राहिल्या. मूलबाळ नव्हतं.

नवीन माणूस हमखास विचारायचा, "तुम्ही ख्रिश्चन का?"

मावशी शांतपणे सांगायच्या, "नाही हो. आम्ही शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे."

गणपती झाले की थोड्या दिवसांनी त्यांचं नवीन वर्ष यायचं. त्या त्याला नव्याचा सण म्हणायच्या. त्या दिवशी गल्लीत घरोघरी चिकाचा हलवा जायचा. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून नारळाच्या दुधात आटवलेला. गुलाबी वड्या, वर बदामाचे काप.

मग माझ्या सईला सीलिअॅक निघाला.

सहा वर्षांची होती. सारखं पोट दुखायचं, वजन वाढत नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गहू बंद. कायमचा. एक कणही नको.

आपण सोलापूरचे, भाकरीवर पोट भरतं. (ज्वारी गिरणीत गव्हानंतर दळली तर तीही चालत नाही, हे नंतर कळलं. मग घरघंटी घेतली.)

अडायचं ते सणाला. पुरणपोळी नाही, शिरा नाही, कुणाच्या बर्थडेचा केक नाही.

सासूबाई मायेनंच म्हणायच्या, "एवढुशा घासानं काय हुतंय की. लेकराचं तोंड बघवत न्हाय."

त्या एका घासानं सई दोन-दोन दिवस तळमळायची.

हळूहळू तिनं हात पुढे करणंच सोडलं. कुणी काही दिलं की आधी माझ्याकडे बघायची.

मी मावशींना सांगायला गेले, की यंदा आमच्याकडे हलवा पाठवू नका. घरात दिसला की पोरगी रडते.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भांडी वेगळी लागतील ना?"

आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या नातेवाइकांनीसुद्धा.

त्या म्हणाल्या, "आमच्यात मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. पेसाहच्या सणाला तर खमिराचा कण राहू नये म्हणून कपाटाच्या फटीसुद्धा पुसतो. मला कळतं गं ते."

आणि त्या बाईनं नव्याच्या सणासाठी पेसाहसारखं घर धुऊन काढलं. कणकेचा डबा रिकामा केला. नवी कढई आणली, नवं उलथनं आणलं. काजू-बदाम सुटे घेतले नाहीत, पाकीटबंद घेतले.

तांदूळ वाटून हलवा केला. पहिला पातळ झाला. दुसरा दगड झाला. तिसऱ्यांदा चायनाग्रास घातलं, तेव्हा वड्या पडल्या. रंगाला डाळिंबाचा रस. जोडीला खजूर, अक्रोड आणि बदाम वाटून केलेले लाडू.

सणाला त्यांचे धाकटे भाऊ पेणहून यायचे. सॅमसनमामा. आईच्या पद्धतीचा चिकाचा हलवा खायला.

त्यांनी ताट बघितलं आणि उठून उभे राहिले.

"बाहेरच्या पोरीसाठी आईचा हलवा मोडलास?"

मी आणि सई तिथेच बसलो होतो. मला उठून जावंसं वाटलं.

मावशींचा आवाज अजिबात चढला नाही. "आई असती तर तिनं काय केलं असतं? भुकेलं पोर दारात ठेवून हलवा खाल्ला असता?"

मामा त्या दिवशी न जेवता बाहेर जाऊन बसले.

मावशींनी आधी सफरचंद-मध, खजूर, डाळिंब यांवर प्रार्थना म्हटली. मग हलव्याची बशी सईपुढे सरकवली.

सईनं माझ्याकडे बघितलं नाही. सरळ वडी उचलली.

मी आत मोरीत जाऊन तोंड धुतलं.

पुढच्या वर्षी मामा आले ते पोतंभर नारळ घेऊन. "हलव्याला लागतील," एवढंच म्हणाले. त्या घरात नव्याच्या सणाला गहू परत शिजला नाही.

आता सई पंधरा वर्षांची आहे. गेली दोन वर्षं मावशींचा हात दुखायचा, म्हणून तीच हलवा ढवळायची. मावशी स्टुलावर बसून सांगायच्या, "गडबड नको. कड सुटू दे."

काल दफनाच्या वेळी पुण्यातली त्यांची माणसं जमली. दहा ज्यू पुरुष असल्याशिवाय दफनाची प्रार्थना होत नाही. सोलापुरात एवढे ज्यू आहेत कुठे. मामांनी प्रार्थना म्हटली, मधेच थांबले, परत म्हटली.

सात दिवस ते मावशींच्याच घरी बसणार आहेत. दुखवट्याचं पहिलं जेवण स्वतःच्या चुलीवरचं खायचं नसतं त्यांच्यात, शेजाऱ्यांनी आणायचं असतं. आज सकाळी सईनं उकडलेली अंडी, मसुराची आमटी आणि भाकरी केली. स्वतः वाढली. मामा खाली मान घालून सगळं जेवले.

हात धुऊन आल्यावर सईनं विचारलं, "मामा, तुमच्यात गेलेल्या माणसाला निरोप देताना काय म्हणतात?"

"म्हणायचं ते बरंच असतं. तू शालोम म्हण."

"एवढंच?"

"एवढं पुरतं तिला."

शालोम, मावशी. सगळ्या गल्लीकडून तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.