पाजणीची गल्ली

आमच्या गल्लीतल्या दगडी कुंड्या दिसल्या की आजही डोक्यात तिडीक जाते. नागपूरच्या जुन्या वस्तीचं जतन करायला सरकारने समिती नेमली, तिच्यात मी होतो. पेशाने वास्तुविशारद, म्हणून ‘स्थानिक जाणकार’. जाणकार! त्याच गल्लीतल्या विणकराच्या घरी मी वाढलो.

गल्ली सरळसोट, लांब आहे ती शोभेसाठी नव्हे. ऊन चढायच्या आत विणकर तिथे सुताचा ताणा पसरायचे, त्याला खळ लावायचे, कुंच्याने विंचरायचे. ही पाजणी. ती झाली नाही तर मागावर सूत टिकत नाही. समिती आली तेव्हा माग उरला होता एकट्या चुलतभावाचा.

लोकांची सुनावणी ठेवली ती नेमकी पाजणीच्या वेळेला. कोण येणार? ‘विरोध नाही’ असं समितीने धरलं. मग बैठकीत नकाशा आला. गल्लीवर शब्द होते, ‘मोकळी जागा’. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, “मधोमध कुंड्या, बाजूला बाकं. छान दिसेल.” अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. “तुमचं काही?”

“काही नाही.”

पाजणीचं नाव काढलं असतं तर मी कोणाच्या घरचा ते कळलं असतं. कॉलेजात माझ्या कपड्यांना येणाऱ्या खळीच्या आंबूस वासावर पोरं हसायची. तो वास त्या खोलीत शिरू नये, एवढंच. याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही.

कुंड्या बसल्या, ताणा पसरायला जागाच उरली नाही. भावाने घरी बोलावलं. “काबे, तू होता ना तिथं? मंग काहून नाही बोलला?”

“राहून गेलं, दादा.”

“राहून कसं गेलं गा? कुंचा धराले तूच पहिले धावे!”

आतून वहिनी म्हणाली, “जाऊ द्या नं. साहेब लोकायले वास येते.”

कुंड्या काढा म्हणून मी समितीपुढे गेलो. अधिकारी म्हणाला, “गल्ली आता संरक्षित आहे. मूळ स्वरूपात बदल चालत नाही.”

मूळ स्वरूप! मी ओरडलो. खळ, वास, घर, सगळं सांगून टाकलं. तज्ज्ञ बाई खूश झाल्या. “किती सुंदर! रविवारी पर्यटकांसाठी एखाद्या बागेत पाजणीचं प्रात्यक्षिक ठेवू. भावाला तुम्हीच विचारा.”

भावाने तोवर माग मोडला होता. मौद्याला वीज केंद्रात कंत्राटावर लागला होता. मी त्या बैठकीतच ‘नाही विचारणार’ म्हणालो, चांगलं मोठ्याने. आता माझा आवाज कोणाच्या कामाचा?