आक्षेप न घेतल्याबद्दल शून्य गुण

राजूरच्या मुलींना मी शून्य दिलं ते चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे निकाल जाहीर करण्याआधी मला कळलेलं होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायचं ठरवलं की मी आजूबाजूचंच बोलत बसतो. बायको म्हणते, तुम्ही माफी मागायला जाता आणि पाऊसपाण्याची चौकशी करून परत येता. यात खोटं काही नाही.

कोल्हारजवळ प्रवरेच्या काठच्या एका हायस्कुलात मी भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे विज्ञान प्रदर्शन म्हटलं की धूर सोडणारा ज्वालामुखी, पवनचक्की, आणि फीत कापायला उशिरा येणारे पाहुणे. मुलांनी जरा डोकं चालवावं असं काहीतरी करावं, असं मनात होतं. संघांच्या स्पर्धेची पद्धत मी वाचली होती: प्रश्न आधीच द्यायचे, मुलांनी महिनाभर प्रयोग करायचे, मग एका संघाने आपलं उत्तर मांडायचं, दुसऱ्याने त्यावर आक्षेप घ्यायचे आणि तिसऱ्याने दोघांचं तोलून सांगायचं. आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांसाठी अशी स्पर्धा भरवायची ठरली आणि नियम लिहायचं काम मी मागून घेतलं. सगळी उन्हाळी सुट्टी मी ते नियम लिहिले. देशाची घटना लिहायला घेतल्यासारखा चेहरा करून फिरत होतो, असं घरचे सांगतात.

शिक्षकांच्या बैठकीत मी नियम वाचून दाखवले. पहिला आक्षेप आला तो मथळ्यावर. त्यात जिल्ह्याचं जुनं नाव राहून गेलं होतं. ते दुरुस्त केलं. मग जेवण कुणाकडे ते विचारण्यात आलं. मग एका ज्येष्ठ सरांनी विचारलं की आक्षेप तोंडी चालेल की लेखी, सहीनिशी द्यायचा. प्रत्यक्ष नियमांवर कुणी काही बोललं नाही. मला वाटलं नियम चांगले झालेत.

त्यातला सहावा नियम असा होता: आक्षेप घेणाऱ्या संघाने निदान एक तरी आक्षेप घेतलाच पाहिजे, नाहीतर त्या फेरीत शून्य. हा नियम मी भीतीपोटी घातला. आमची मुलं भारी अदबशीर. वर्गात मी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणालो तर वहीत उतरवून घेतील आणि खाली रेघही मारतील. सक्ती केल्याशिवाय ही पोरं कुणाला काही विचारणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

स्पर्धा आमच्याच शाळेच्या सभागृहात झाली. आक्षेपाला दोन मिनिटं होती. पहिला मुलगा वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेला. त्याने सन्माननीय व्यासपीठ, आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, माझे गुरुजन आणि माझ्या बालमित्रांनो असं एकेकाला वंदन केलं आणि घंटा वाजली. त्याचा आक्षेप तसाच राहिला. दुसऱ्या संघाने उठून सांगितलं की समोरच्यांचा तक्ता वाकडा लावलाय. मला तो आक्षेप धरावा लागला, कारण आक्षेप कशावर हवा हे मी लिहिलंच नव्हतं. विजेच्या प्रयोगावर एका मुलाने आक्षेप घेतला की हे आमच्याकडं चालायचं न्हाई. का चालणार नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, दिवसा आमच्याकडं लाईटच नसती. सभागृहात एवढा हशा पिकला की मागे बसलेले एक पालकही उठले आणि त्यांनी पंख्यावर आक्षेप घेतला.

या सगळ्यात नियमांना धरून खेळत होता तो एकच संघ, राजूरचा. चार मुली आणि त्यांचे सर. पहाटेच्या एसटीने निघाल्या होत्या आणि प्रयोगाचं सगळं सामान एका बादलीत घालून आणलं होतं. त्यांची कप्तान अंगाने लहानखुरी, दोन वेण्या घट्ट वर बांधलेल्या. पहिल्या फेरीत तिने समोरच्या संघाला एवढंच विचारलं, "तुमी हे कितींदा करून पाह्यलं?" ते म्हणाले, एकदा. ती "बरं" म्हणून खाली बसली आणि तो संघ तिथेच संपला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत राजूर पहिलं, आमची शाळा दुसरी. शेवटच्या फेरीत आमची मुलं मांडणार होती आणि राजूरच्या मुली आक्षेप घेणार होत्या. जो संघ वर राहील तो पुण्याला विभागाच्या फेरीला जाणार. जेवताना राजूरचे सर माझ्याशेजारी होते. ते म्हणाले, चौघी दहावीला आहेत, पुढच्या वर्षी कोण कुठे जाईल सांगता येत नाही, एकदोघींचं तर शिक्षणच पुढे चालेल का नाही ते घरचे अजून बोलत नाहीत. पुण्याला जाऊन आल्या तर घरी बोलायला काहीतरी जोर येईल. कप्तानाच्या आजोबांनी तर ती जाणारच म्हणून आठवडी बाजारात सांगूनही टाकलंय.

आमच्या मुलांचा प्रश्न होता छिद्रांच्या बाटलीचा. उंच बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन छिद्रं पाडायची, पाणी भरायचं, आणि कोणती धार सगळ्यात लांब जाते ते सांगायचं. याचं चित्र मी नोकरीला लागल्यापासून फळ्यावर काढत आलोय. खालची धार सगळ्यात लांब, कारण खाली दाब जास्त. मुलांचा तक्ताही मीच काढून दिला होता. बाटली टेबलाच्या कडेला, खाली फरशीवर टब. खालची धार मस्त लांब जायची.

जेवणानंतर मुलांनी मांडायला सुरुवात केली. टेबलावरची धार दाखवून झाली. मग आमच्या मांडणाऱ्या मुलाने बाटली उचलून चक्क खाली फरशीवर, स्वयंपाकघरातून आणलेल्या मोठ्या परातीत ठेवली आणि छिद्रांची बुचं काढली. सगळ्यात लांब गेली मधली धार. खालच्या धारेला वेग आहे, तो म्हणाला, पण पडायला उंचीच उरत नाही, लगेच टेकते. वरच्या धारेला उंची आहे पण वेग नाही. मधलीला दोन्ही थोडं थोडं मिळतं. म्हणून बाटली कशावर ठेवली हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. माझ्या शाळेच्या फेरीला मीच परीक्षक होतो, कारण तसं असू नये हा नियम मी केला नव्हता. शेजारचे परीक्षक माझ्याकडे झुकून म्हणाले, काय तयारी करून घेतलीय सर. मी म्हणालो, मुलांचेच कष्ट. श्रेय घेताना माणूस जे म्हणतो तेच.

मग राजूरची कप्तान उठली. "आमचा काही आक्षेप न्हाई," ती म्हणाली आणि बसली.

मी तिला पुन्हा उभं केलं. घाई नको, विचार कर, एखादा तरी असेल, असं सांगितलं. तक्ता जरा वाकडा होता, त्याच्याकडे मी नजरेनेही खुणावलं, इतका मी उदार.

"न्हाई सर. आता त्यांचं बराबर हाय."

मी माईकवरून सहावा नियम वाचून दाखवला आणि शून्य दिलं. राजूर दुसऱ्या नंबरावर गेलं.

गुणांची बेरीज करायला मी प्रयोगशाळेत बसलो होतो तेव्हा आमचा तो मांडणारा मुलगा आला. गुडघ्यापर्यंत पँट ओली. म्हणाला, त्यांना शून्य देऊ नका, आक्षेप त्यांनी घेतलाय, जेवणाच्या सुट्टीत. मग त्याने सगळं सांगितलं. आमची मुलं ताटं धुवायला नळावर गेली असताना राजूरची कप्तान त्यांच्याजवळ आली आणि बाटली जमिनीवर ठेवून पाहिली का, असं विचारलं. राजूरच्या शाळेत टेबल एकच, ते हेडसरांच्या खोलीत. त्यामुळे त्या मुली सगळे प्रयोग जमिनीवर बसून करतात आणि त्यांची मधली धार पहिल्या दिवसापासून लांब जात होती. आमच्या मुलांनी नळावरच करून पाहिलं. पँट तिथेच भिजली.

मग तिने हे व्यासपीठावर का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"आम्हीपण विचारलं सर. ती म्हणली, तुमच्या शाळेत जेवलो, आन् लगेच उठून तुमच्या सरांची चूक माईकवर सांगायची व्हय?"

"सरांची कशावरून?"

"चित्र तुम्ही काढून दिलंय हे आम्ही सांगितलं होतं."

म्हणजे त्या पोरीने माझी अब्रू झाकली होती आणि मी तिला त्याबद्दल शून्य दिलं होतं. हे मला तेव्हाच, तिथेच लख्ख कळलं. दार उघडं होतं, माईक अजून चालू होता, उठून जाऊन सांगायचं तेवढं बाकी होतं. पण सांगायचं म्हणजे मधल्या धारेचं सांगावं लागणार, आणि इतकी वर्षं मुलांना काय शिकवलं तेही. मी त्या मुलाला म्हणालो की दुसऱ्या संघाशी बोलायलाच मनाई आहे, हे बाहेर पडलं तर तुम्ही दोन्ही संघ बाद व्हाल.

"हा कितवा नियम सर?"

"तो लिहायचा राहिलाय," मी म्हणालो.

निकाल जाहीर झाला. आमची शाळा पहिली. राजूरच्या चौघींनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून, मग बादली उचलली आणि त्या एसटी गाठायला निघून गेल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. राजूरच्या सरांना मी फोन केला आणि भंडारदऱ्यात पाणी किती आलंय ते विचारलं. पुन्हा फोन केला तेव्हा भाताची लावणी विचारली. त्यांनी सगळं व्यवस्थित सांगितलं. कप्तान बरी आहे ना, असं मी बोलण्याच्या ओघात घुसवलं, तर म्हणाले, ती बरी आहे, पण तिच्या आजोबांना बाजारात कुणी पुण्याचं विचारलं की ते विषय बदलून भाताचा भाव सांगतात. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं की सहाव्या नियमात दुरुस्ती सुचवावी. त्यावर अंगठे आले, आणि एकाने गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं.

इकडे आमची मुलं पुण्याच्या तयारीला बसत नव्हती. मी चिडून विचारलं तेव्हा त्या मांडणाऱ्या मुलाने शांतपणे सांगितलं, "मधल्या धारेचं कुणी विचारलं तर आम्ही उत्तर देऊ सर. पण हे शोधलं कुणी असं विचारलं तर काय सांगू?"

त्याच संध्याकाळी मी बाकीच्या दोन्ही परीक्षकांना फोन करून सगळं सांगितलं. एकजण बराच वेळ हसले, मग म्हणाले, मीसुद्धा तसंच चित्र काढतो हो. दुसऱ्यांनी फक्त पुण्याला पाठवायचं निकालाचं पत्र पुन्हा टाईप करावं लागेल का ते विचारलं. पुण्याला राजूरचा संघ जाईल असं ठरलं. आमच्या मुलांना मी विचारायला घेतलं तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांनी होकार दिला.

हे फोनवर कळवता आलं असतं. पण फोनवर मी काय करतो ते मला ठाऊक होतं, म्हणून मोटारसायकल काढून राजूरला गेलो. शाळेच्या फाटकात त्यांचे सर भेटले. मला एक गोष्ट सांगायची आहे, मी म्हणालो. ते म्हणाले, सांगा ना, पण आधी सत्कार. मी नको नको म्हणेपर्यंत मैदानात मुलं रांगेने बसली होती. हेडसरांनी माझी ओळख करून दिली ती तालुक्याबाहेरून आलेले थोर मार्गदर्शक, ज्यांनी स्पर्धेचे नियम घडवले, अशी. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. फूल द्यायला कप्तानालाच पुढे बोलावलं. तिने फूल दिलं आणि वाकून नमस्कार केला. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग दोन शब्द मार्गदर्शन करा, असं सांगण्यात आलं. नारळ कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तो हातात धरूनच उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "सन्माननीय व्यासपीठ." तिथे थांबलो. पुढचं वाक्य म्हटलं असतं तर मी भाताच्या लावणीपर्यंत गेलो असतो.

"मी मार्गदर्शन करायला आलेलो नाही," मी म्हणालो. "बाटलीचं चित्र मी मुलांना अर्धवट शिकवलं होतं. तुमच्या मुलीने ते ओळखलं आणि मला चारचौघांत खाली पाहायला लागू नये म्हणून बाजूला जाऊन सांगितलं. मी तिला शून्य दिलं. निकालाआधी मला हे कळलं होतं, तरी मी गप्प बसलो, आणि कुणी बोलू नये म्हणून नसलेला नियम सांगितला. पुण्याला या चौघीच जाणार आहेत. ते मी देत नाहीये, ते यांचंच होतं."

हेडसरांनी सवयीने टाळ्या सुरू केल्या आणि मध्येच थांबवल्या. मुलींच्या रांगेतून कप्तान उठून उभी राहिली. तिला बरं वाटल्याचं दिसत नव्हतं, उलट अवघडल्यासारखं झालं होतं.

"सगळ्यांम्होरं कशाला सांगितलं सर?" ती म्हणाली. "मला एकलीला सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"शून्य मी माईकवर दिलं होतं," मी म्हणालो. "माझं चुकलं, बाळ. मला माफ कर."