मेणावर उमटलेला इंजिनाचा नंबर

मामांची नारळाची बाग चोळपुरम्‌च्या पलीकडे, कोळ्ळिडम नदीच्या काठी आहे. शेवटचा दीड किलोमीटर निव्वळ वाळू, मोटारसायकल रुतते. उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मामांचं वाळूत चालणं बंद केलं, गाडी चालवायला मात्र हरकत घेतली नाही. बागेवर एका गिऱ्हाइकाचा डोळा होता. मामांनी त्याला शुक्रवारपर्यंत थांबवलं. "मी स्वतः बागेत पोचलों नाही, तर बाग तुमची."

पोचण्यासाठी त्यांनी वाळूत चालणारी ड्यून बग्गी आणली, समुद्रकाठच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून. नळ्यांचा सांगाडा, रुंद टायर, मागे तीन सिलिंडरचं इंजिन. सोमवारी घरामागच्या मोकळ्या जागेत चालवून पाहिली. इंजिन गर्जलं, चाकं ढिम्म. क्लच प्लेट झिजली होती.

पट्टीश्वरम्‌चा मेकॅनिक आला. साठीचा माणूस, बोलणं तमिळ. मराठी घरच्या पुरुषांना इथं तमिळ मुलखात 'रायर' म्हणतात. तोही मामांना तेच म्हणे.

"इंजिन कुठल्या गाडीचं?" त्यानं विचारलं. गाडीचं नाव कळल्याशिवाय दुकानदार प्लेट देत नाही.

"विकणारा म्हणाला, छोट्या मोटारीचं."

"विकणाऱ्याच्या शब्दावर प्लेट आणायची, रायर? मग लग्नही मध्यस्थाच्या शब्दावरच करायचं."

"माझं तसंच झालं."

"आणि?"

"आत जाऊन विचार."

"आत सगळं ऐकूं येतें," स्वयंपाकघरातून मामी मराठीत म्हणाल्या. मामांनी त्याचं भाषांतर केलं नाही.

इंजिनाच्या पुढच्या बाजूची नंबरपट्टी घासून काढलेली होती. मागच्या बाजूला ओतकामातच उठलेली अक्षरं बोटाला लागत, पण सांगाड्याच्या नळीमुळे दिसत नव्हती. इंजिन उतरवलं तर दिसली असती. मेकॅनिकचा नियम वेगळा होता: नवा भाग हातात आल्याशिवाय गाडी उघडायची नाही.

त्याचा साडू स्वामीमलैला मेणाच्या नमुन्यावरून पंचधातूच्या मूर्ती ओततो. मंगळवारी मेकॅनिक त्याच्याकडून राळ मिसळलेल्या मेणाचा गोळा घेऊन आला. गोळा गरम पाण्यात मऊ केला, नळीमागे हात घालून अक्षरांवर दाबला आणि कडक होईपर्यंत थांबला. मेण सोडवलं तेव्हा त्यावर नंबर उमटला होता, उलटा. मी फोटो काढून फोनवर सुलटा केला. जुन्या सुट्या भागांच्या यादीत तो नंबर मोटारींच्या नावाखाली नव्हता. तो एका छोट्या मालवाहू गाडीचा होता.

मी वर्तमानपत्रात काम करतो; आमच्याकडे एका पुराव्यावर बातमी जात नाही. यादीत पिस्टनची चालही, म्हणजे तो खालून वर किती सरकतो तेही, मिलिमीटरमध्ये दिलं होतं. मेकॅनिकनं एक स्पार्क प्लग काढला, नारळाच्या झावळीची लांब हीर त्या भोकातून पिस्टनवर टेकवली आणि पान्यानं इंजिन हळूहळू फिरवलं. हीर खाली गेली, वर आली; दोन्ही वेळा त्यानं तिच्यावर नखानं खूण केली. दोन खुणांमधलं अंतर मी पट्टीनं मोजलं. आकडा यादीशी जुळला.

"मोटार म्हणे!" मेकॅनिक म्हणाला. "हे तर सिमेंटची पोती ओढणारं."

मामा खूश झाले. वाळूसाठी तेच बरं, असं त्यांचं मत पडलं.

बुधवारी प्लेट आली. गुरुवारी इंजिन उतरलं. जुनी प्लेट रिव्हेटपर्यंत घासली होती. मेकॅनिकनं दोन्ही एकावर एक ठेवल्या: कडा जुळल्या, मधले दातेही जुळले. प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही त्यानं नवंच बसवलं. संध्याकाळी बग्गी जागची हलली.

शुक्रवारी मामांनी ती स्वतः चालवली. मी शेजारी होतो. वाळू सुरू झाली तशी मागची चाकं खाली बसली. मामांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, पाय सावकाश सोडला. चाकांनी वाळू धरली. पुढे कुठंही थांबावं लागलं नाही.

गिऱ्हाईक आधीच येऊन मोजणीची टेप सोडत होतं. मामा काठी टेकत खाली उतरले आणि त्याच्याकडे न बघता राखणदाराला म्हणाले, "त्या कडेच्या तीन झाडांना पाणी का नाही पोचलं?"

गिऱ्हाइकानं टेप थांबवली. "म्हणजे, रायर?"

"म्हणजे आता एक शहाळं प्या आणि निघा."