दोघं आत, एक बाहेर

उर्बेसकाकांसारखा रिकामटेकडा नवरा गावात दुसरा नव्हता, आणि हे ओरोसियाकाकूच सगळ्यांना सांगायच्या. पायरेनीजच्या पायथ्याच्या त्या गावात कुणाची मेंढी मेली की निरोप काकांकडे यायचा. पहाटे दोघं ती हातगाडीवर घालून वर गिधाडांच्या माळावर न्यायची. माळाच्या कडेला गिधाडं बघायला काकांनी दगड रचून लपण केलं होतं, दोन माणसं अवघडून बसतील एवढं.

गिधाडांची नजर तीक्ष्ण, पण हिशेब कच्चा. दोघं लपणात शिरली आणि एक जण गाडी खडखडवत परत निघाला, की कड्यावरच्या मंडळींना वाटायचं, गेली माणसं. मग ती बिनधास्त उतरायची. परत जाणाऱ्या नेहमी काकूच.

"बस तुझ्या गणगोताबरोबर," त्या म्हणायच्या, "मी जाते सूप ठेवायला."

त्यांतल्या एका वाकड्या मानेच्या म्हाताऱ्या गिधाडाला काकूंनी 'सासूबाई' नाव ठेवलं होतं. सगळ्यांना टोचून बाजूला सारायची आणि आधी स्वतः जेवायची, असं काकांनीच सांगितलं होतं. काकांची आई तेव्हा हयात होती, आणि हे नाव तिच्या कानावर जाईल अशी सोय गल्लीने तत्परतेने केली होती.

काकू हिवाळ्यात गेल्या. वसंतात काकांना एकच ध्यास लागला: सासूबाई अजून आहेत का, ते बघायचं. काकूंनी नाव ठेवलेलं तेवढंच एक जिवंत उरलं होतं. पण दोघांतलं एक आता कुठून आणायचं? एकदा त्यांनी युक्ती केली. लपणातून बाहेर पडले, वळणापर्यंत ऐटीत चालत गेले, आणि झुडपांतून रांगत परत आले. कड्यावरच्यांनी हा सगळा खेळ मन लावून पाहिला. एकही उतरलं नाही.

गुत्त्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. शेवटी शेजारची बेनिल्दे दारात उभी राहिली.

"काका, रांगायचं वय आहे का हे? उद्या मी येते."

"तू? तुला चर्चच्या पायऱ्या चढताना धाप लागते."

"म्हणून तर उतरायचं काम मागतेय!"

दुसऱ्या दिवशी बेनिल्दे गाडी घेऊन परत निघाली, आणि थोड्याच वेळात आकाशातून एकेक सावली खाली येऊ लागली. वाकडी मान सर्वांत पुढे होती. काकांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून गाडी जोरात आदळल्याचा आवाज आला. काकांनी दगडांच्या फटीतून मागे वळून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. उतारावर सुटी खडी होती. गाडी बेनिल्देला खाली ओढत होती, आणि ती गुडघे आखडून, कशीबशी टाचा रोवत एकेक पाऊल टाकत होती. ओरोसिया शेवटची काही वर्षं रात्री गुडघ्यांना तेल चोळत बसायची. काका म्हणायचे, वय झालं तुझं.

ते लपणातून बाहेर आले. सगळा थवा फडफडाट करत उडाला.

"अहो काका! उडाली ना सगळी!" बेनिल्दे खालून ओरडली.

"उडू देत," काका खडीवरून घसरत तिच्याकडे निघाले. "ती गाडी सोड. सोड म्हणतो ना!"